ठरवून केलेली मजा कामासारखी का वाटते?

परीक्षेचे दिवस. अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या आवारात फुकट कॉफी आणि बिस्किटांची सोय केली होती. कूपनं मात्र दोन प्रकारची. काहींना नेमकी वेळ दिलेली, काहींना दोन तासांची मुभा, त्यात केव्हाही या. कॉफी तीच, बिस्किटंही तीच. तरी घड्याळ बघून आलेल्यांना त्या विश्रांतीत कमी मजा आली. गॅब्रिएला टोनिएटो आणि सेलिन मालकोच या दोघींनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातला हा एक प्रयोग.

त्यांचं म्हणणं असं: एखाद्या गोष्टीला तास-मिनिट चिकटलं की ती मनात कामांच्या रांगेत जाऊन बसते. मग मित्राबरोबरचा चहासुद्धा 'उरकायचा' असतो. आणि त्याचा त्रास चहापुरता राहत नाही. पुढे त्याच दोघींनी स्टीफन नोलिस यांच्यासोबत दाखवून दिलं, की तासाभरानं काही ठरलेलं असेल तर मधला मोकळा तास आपल्याला प्रत्यक्षाहून लहान वाटतो आणि त्यात आपण कमी कामं करतो. पाहुणे पाचला येणार म्हटलं की चारपासून कशालाच हात लागत नाही, हे आपल्याला नवीन नाही.

मेंदूच्या बाजूनं पाहायचं तर डोपामाइनकडे वळावं लागतं. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याला सर्रास 'आनंदाचं रसायन' म्हणतात, पण ते फार ढोबळ झालं. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामाइनच्या पेशींची नोंद घेतली. अचानक फळाच्या रसाचा थेंब मिळाला की या पेशी जोरात पेटत. मग रसाआधी दरवेळी एक खूण दाखवायला सुरुवात केली. माकडाला खूण कळू लागल्यावर पेशी खुणेलाच प्रतिसाद देऊ लागल्या, रस आला तेव्हा गप्प. खूण होऊनही रस आला नाही, तर त्यांची हालचाल नेहमीपेक्षाही खाली जाई. म्हणजे या पेशी अपेक्षेपेक्षा किती जास्त-कमी मिळालं ते मोजतात. अपेक्षेइतकंच मिळालं, तर त्यांना सांगण्यासारखं काही उरत नाही.

माकडाच्या रसावरून थेट माणसाच्या रविवारवर उडी मारू नये, हे खरं. पण ग्रेगरी बर्न्स आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये स्कॅनरमध्ये झोपवलेल्या माणसांच्या तोंडात नळीनं रस आणि पाणी सोडून पाहिलं, कधी ठरलेल्या क्रमानं, कधी बेभरवशानं. बेभरवशाच्या थेंबांना मेंदूतल्या बक्षिसाशी निगडित भागानं जास्त प्रतिसाद दिला. त्या माणसाला रस आवडतो की पाणी, यानं तिथे फारसा फरक पडला नाही!

याचा अर्थ डायरी फेकून द्या असा नाही. काहीच ठरवलं नाही तर भेटीच होत नाहीत, 'एकदा भेटू या' म्हणत वर्ष सरतं. कॉफीच्या प्रयोगात दोन तासांची मुभा मिळालेल्यांनीही येण्याचं ठरवलेलंच होतं, खिळा फक्त मिनिटावर ठोकला नव्हता. 'शनिवारी चारला' ऐवजी 'शनिवारी दुपारनंतर ये' एवढ्यानं भागतं. अर्थात ही चैन सगळ्यांना नाही. ज्यांच्या नळाला पाणी तासभरच येतं किंवा ज्यांची लोकल ८.१२ची असते, त्यांचा दिवस दुसऱ्यानंच आखलेला असतो.

त्यांनाही जमेल अशी एक गोष्ट पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांच्या २०२२ च्या अभ्यासात सापडते. बऱ्याच दिवसांत न बोललेल्या ओळखीच्या माणसाची सहज चौकशी केली, तर त्याला किती बरं वाटेल याचा अंदाज आपण कमीच बांधतो. कारण समोरच्याचं लक्ष आठवण आली या अनपेक्षितपणाकडे असतं, आणि चौकशी करणाऱ्याच्या ते तितकं ध्यानात येत नाही. चौकशी जितकी अवचित, तितकं हे अंतर मोठं. हल्ली आपण आधी 'फोन करू का?' असा मेसेज टाकतो आणि त्यातलं अवचितपण स्वतःच काढून घेतो.