दुबई–अबुधाबी–मस्कत: बॅग भरण्याआधी वाचा

तिकिटं, व्हिसा, हॉटेल आमच्याकडे. बॅग मात्र तुम्हीच भरणार, म्हणून सुरुवात तिथूनच.

खसखस नेऊ नका. अमिरातीत ती अमली पदार्थांच्या यादीत आहे, कारण शेवटी ते अफूच्या बोंडातलं बी. सुटी पुडी कुणी नेत नाही हो, पण ती फराळातून जाते: अनारसे, करंजीचं सारण, घरचा गोडा मसाला. एका दिवाळी टूरच्या आधीच्या बैठकीत एका काकूंनी कौतुकाने डबा उघडला, तर वीस अनारसे, वर छान खसखस. "झटकून नेते," म्हणाल्या. तुपात तळलेली खसखस झटकून जात नाही. ते अनारसे आमच्या ऑफिसातच संपले. चकली, शेव, बेसनाचे लाडू खुशाल न्या.

औषधांचंही तसंच. आठवड्याच्या गोळ्या सुट्या करून प्लास्टिकच्या डबीत भरायची आपली सवय या सहलीपुरती सोडा. गोळ्या मूळ स्ट्रिपमध्येच ठेवा आणि सोबत डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी घ्या. ट्रामाडॉल (दुखण्यावरची गोळी), कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, झोपेच्या काही गोळ्या यांवर तिकडे कडक नियंत्रण आहे. अमिरातीत अशा औषधांसाठी आधी ऑनलाइन परवानगी काढावी लागते. यादी आम्हाला महिनाभर आधी द्या.

मे महिन्यात जाऊ का, असं दरवर्षी विचारतात. मुलांना सुट्टी असते, खरं आहे. पण तेव्हा दुपारी पारा चाळिशीच्या वर असतो आणि तुम्ही पैसे देऊन मॉलमध्ये बसता. दिवाळी ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. फक्त रमजान कधी आहे ते बघून घ्या. तो दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. त्या महिन्यात दिवसा रस्त्यात खाणंपिणं टाळा, पाण्याची बाटलीसुद्धा आडोशाला जाऊनच तोंडाला लावा.

मस्कतच्या सुलतान काबूस मशिदीत (२००१) इतरधर्मीयांना सकाळी ८ ते ११ या वेळेत प्रवेश असतो, शुक्रवारी नाही. अबुधाबीची शेख झायेद मशीद २००७ची. दोन्हीकडे बायकांनी डोकं, हात आणि पाय घोट्यापर्यंत झाकायचे; पुरुषांना अर्धी चड्डी चालत नाही. साडीत पोट-पाठ दिसते म्हणून दारात अडवू शकतात. सैल सलवार-कमीज आणि जाड ओढणी सगळ्यात सोपी. मस्कतला आत चपला काढायच्या असतात. तिथला हाताने विणलेला गालिचा सुमारे ७० बाय ६० मीटर, एकसंध. घाईत बघू नका.

वाळवंटातल्या सफरीआधी ड्रायव्हर टायरमधली हवा कमी करतो. गाडी पंक्चर झालेली नसते. टायर पसरला की तो वाळूत रुतत नाही. त्याआधी पोटभर जेवू नका. मणक्याचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी वाळूच्या टेकड्यांवरून गाडीच्या उड्या टाळून सरळ कॅम्पवर यावं. डिसेंबर-जानेवारीत रात्री स्वेटर लागतो, हे कुणालाच पटत नाही आणि मग सगळे कुडकुडतात.

ओमानात कहवा (अरबी कॉफी) आणि खजूर समोर आले की नाही म्हणू नका. कप उजव्या हाताने घ्या. रिकामा कप नुसता पुढे केलात तर तो पुन्हा भरतात. पुरे झालं की कप हलकेच डावी-उजवीकडे हलवायचा. हे माहीत नसल्यामुळे एक काका सात कप प्यायले, रात्रभर जागे. बायकांशी हस्तांदोलन त्यांनी हात पुढे केला तरच. एरवी छातीवर हात ठेवला की पोचतं. परवानगीशिवाय अनोळखी माणसांचे, विशेषतः बायकांचे, फोटो काढू नका. अमिरातीत तो गुन्हा आहे.

ओमानी रियालचे १००० बैसा होतात आणि एक रियाल दोनशे रुपयांच्या वर जातो. "पाचच तर आहेत" म्हणताना तेवढा गुणाकार करा.

अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज जातात, कॉल सहसा लागत नाही. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर रात्री अकराला ते आम्हाला उठवतात. तिकडे तेव्हा साडेनऊच वाजलेले असतात आणि तुम्ही निवांत जेवत असता.