०.६ म्हणजे नस साठ टक्के गेली असं नाही

परवा घोडबंदर रोडच्या एक काकू आमच्या नौपाड्यातल्या क्लिनिकमध्ये आल्या. ओसीटीच्या, म्हणजे डोळ्याच्या नसेच्या स्कॅनच्या, रिपोर्टवर ‘कप-डिस्क रेशो ०.६’ला पेनाने गोल केलेला. "नस साठ टक्के गेलीय म्हणे." कोण म्हणालं? सोसायटीचा ग्रुप! महिन्यातून दोनदा तरी हे ऐकतो.

मोतीबिंदू वेगळा, काचबिंदू वेगळा, हे तुम्हाला ठाऊक आहे. घोळ होतो तो जन्मापासून मोठा असलेला कप आणि काचबिंदूने मोठा झालेला कप यांत.

नजर मेंदूपर्यंत नेणारी नस डोळ्यातून बाहेर पडते ती गोल जागा म्हणजे डिस्क. मधला खळगा कप, भोवतीची कड रिम. तंतू रिममध्ये असतात. कप निरोगी डोळ्यातही रिकामाच. ०.६ म्हणजे कपचा व्यास डिस्कच्या व्यासाच्या ०.६ पट, बस.

मूठभर उदबत्त्या अरुंद पेल्यात उभ्या करा, गच्च बसतील. त्याच रुंद तोंडाच्या बरणीत ठेवा, कडेला रेलतील आणि मधे पोकळी दिसेल. उदबत्ती एकही कमी झालेली नाही. निरोगी नसेत साधारण दहा-बारा लाख तंतू असतात, डिस्क मात्र कोणाची लहान, कोणाची मोठी. म्हणून मी आधी डिस्क एरिया वाचतो. रेशो ०.६च धरा: डिस्क १.४ चौरस मिलिमीटर असेल तर रिम ०.९ भरते, २.४ असेल तर १.५. उलट, लहान डिस्कवरचा ०.५सुद्धा मला खटकतो, आणि नेमका तोच ‘नॉर्मल’ म्हणून सुटतो.

काचबिंदूत रिम झिजते, बहुधा आधी खालून किंवा वरून, आणि कप वाढत जातो. जन्मजात मोठा कप आहे तिथेच राहतो.

रिपोर्टवरच्या रंगांबद्दल थोडक्यात. तंतूंच्या थराची जाडी त्यात रंगाने दाखवतात. लाल म्हणजे त्या वयाच्या निरोगी माणसांतही शंभरात एखाद्याचाच इतका कमी आकडा येतो. मायनस नंबर जास्त असेल तर आजार नसतानाही लाल उमटतो. त्यामुळे व्हॉट्सअॅपवर नुसत्या लाल चकतीचा फोटो पाठवणाऱ्यांना मी उत्तर देत नाही. डोळ्याचं प्रेशर नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त होणारेही तितकेच चुकतात. नॉर्मल प्रेशरमध्येही काचबिंदू होतो.

काकूंची डिस्क २.४ निघाली. रिम सगळीकडून भरलेली, डॉक्टरांनी करायला सांगितलेली फिल्ड टेस्टही (नजरेचा घेर तपासणारी) स्वच्छ. मग पिशवीच्या तळातून २०१७चा डिस्कचा फोटो निघाला. आजच्या फोटोशेजारी धरला, तर कुठला जुना आणि कुठला नवा ते तारीख वाचूनच सांगावं लागलं.