मराठीतून गूगल सर्च

गूगल किंवा बिंगसारख्या सर्च इंजिनवर मराठी मजकूर शोधताना नुसता शब्द टाकून भागत नाही, कारण मशीन आधी अक्षरं जुळवतं आणि मराठीत एकाच शब्दाची रूपं भरपूर होतात. म्हणून टाइप करण्याआधी एवढं बघायचं की ज्याने ती माहिती लिहिली असेल त्याने ती कोणत्या शब्दांत लिहिली असेल.

सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे दुहेरी अवतरणचिन्ह, त्यात टाकलेले शब्द त्याच क्रमाने असलेली पानंच समोर येतात. पण मराठीत इथेच लोक अडकतात. "कोल्हापूरचा रंकाळा तलाव" असं अवतरणात टाकलं की "कोल्हापूरच्या रंकाळा तलावात" लिहिलेलं पान सुटतं, म्हणून विभक्ती लागलेला शब्द बाहेर ठेवायचा आणि न बदलणारा तुकडा, इथे "रंकाळा", तेवढाच अवतरणात घालायचा. नको असलेला शब्द उणे चिन्ह लावून काढता येतो, येवल्याच्या पैठणीचं विणकाम शोधताना दुकानंच दुकानं दिसायला लागली तर किंमत या शब्दाआधी उणे लावायचं, चिन्ह आणि शब्द यांच्यात स्पेस नको. एकाच वेबसाइटमध्ये शोधायचं तर साइट हा शब्द इंग्रजी अक्षरांत, लगेच कोलन आणि त्याला चिकटून वेबसाइटचा पत्ता.

जुनं साहित्य शोधणाऱ्यांनी १९६२ सालचे शुद्धलेखनाचे नियम लक्षात ठेवलेच पाहिजेत. त्याआधीच्या छापील मजकुरात नांव, कांहीं, मुलें असे अनुस्वार असायचे आणि तो मजकूर जसाच्या तसा नेटवर चढवला असेल तर "नाव" टाकून तो सापडेलच असं नाही, दोन्ही स्पेलिंग टाकून बघावीत. दुसऱ्या, सातबाऱ्यावर यातला अर्धा र सुद्धा दोन प्रकारे टाइप होतो, दिसायला सारखाच पण आतले कोड वेगळे, त्यामुळे पानावर कंट्रोल एफ करून शब्द मिळाला नाही म्हणजे तो तिथे नाहीच असं समजू नये.

सरकारी जीआरचं, म्हणजे शासन निर्णयांचं, दुखणं वेगळं आहे. जुन्या पीडीएफ एकतर स्कॅन केलेल्या किंवा युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळीकडे सारखाच कोड देणारी पद्धत) नसलेल्या फॉन्टमधल्या, आपल्याला मराठी दिसतं पण मशीनला भलतीच अक्षरं मिळतात आणि सर्च रिकामा येतो. खरं तर हा मजकूर सगळ्यांना सहज सापडायला हवा, आपल्या हक्काचे निर्णय असतात ते. अशा वेळी गूगल सोडून शासनाच्या जीआरच्या वेबसाइटवर जायचं आणि विभाग, तारीख किंवा सांकेतांक क्रमांकावरून, म्हणजे प्रत्येक जीआरला दिलेल्या वेगळ्या क्रमांकावरून, शोधायचं, सांकेतांक हाताशी असेल तर काम पटकन होतं.

आणि लिंक उघडतच नसेल तर तिचा पत्ता कॉपी करून वेबॅक मशीनमध्ये टाकावा, २००१ पासून सर्वांना खुल्या असलेल्या या सेवेत पानांच्या जुन्या प्रती तारखेप्रमाणे ठेवलेल्या असतात, बंद पडलेल्या मराठी ब्लॉगची पानंही कधीकधी तिथे मिळतात.