मुंचाउझेन बाय इंटरनेट

मुंचाउझेन बाय इंटरनेट : नसलेला आजार, न घडलेला अपघात किंवा न झालेला मृत्यू सांगून आंतरजालावरील आधारगट, चर्चामंच आणि समाजमाध्यमे यांतील माणसांची सहानुभूती, वेळ व माया मिळवत राहण्याचे वर्तन. अशा माणसाची ओळखही बहुधा बनावट असते. वय, लिंग, व्यवसाय, छायाचित्रे, आईवडील, मुले असा सगळा संसार रचलेला असतो. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ मार्क फेल्डमन यांनी २००० साली ही संज्ञा रूढ केली.

तिचे मूळ ब्रिटिश डॉक्टर रिचर्ड ॲशर यांच्या १९५१ च्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातील लेखात आहे. खोटी लक्षणे आणि रचलेला पूर्वेतिहास सांगत एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात फिरणाऱ्या रुग्णांचे ॲशर यांनी वर्णन केले आणि या विकाराला, अचाट थापांसाठी प्रसिद्ध झालेल्या मुंचाउझेन या जर्मन सरदाराचे नाव दिले. रुग्णालयात सोंग वठवणे सोपे नव्हते. रक्ततपासणी आणि क्ष-किरणांना चकवावे लागे, त्यासाठी काही जण स्वतःच्या शरीराला खरोखर इजा करून घेत. आंतरजालावर शब्द पुरतात. रोगाची सविस्तर माहिती हाताशी असते, समोरचा माणूस नाडी पाहत नाही, आणि एकच व्यक्ती एकाच वेळी अनेक गटांत अनेक नावांनी वावरू शकते.

हे वर्तन आंतरजाल घरोघरी पोहोचण्याच्याही आधीचे आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील ‘कॉम्प्युसर्व्ह’ या संगणकीय सेवेवर जोन नावाची स्त्री लोकप्रिय होती. आपण मानसतज्ज्ञ असून मोटार अपघातात अपंग झालो, वाचाही गेली, असे ती सांगे. अनेक स्त्रियांनी तिला आपल्या आयुष्यातील अत्यंत खाजगी गोष्टी सांगितल्या होत्या. प्रत्यक्षात ती एक पुरुष मनोविकारतज्ज्ञ निघाली.

सर्वांत बोलके प्रकरण केसी निकोल हिचे. रक्ताच्या कर्करोगाशी झुंजणारी ही अमेरिकन किशोरवयीन मुलगी आपल्या अनुदिनीत (ब्लॉगवर) उपचार, आशा आणि भीती यांविषयी लिही. तिची ‘आई’ही लिहीत असे. काही वाचक केसीशी दूरध्वनीवर बोललेसुद्धा होते. मे २००१ मध्ये तिच्या मृत्यूची बातमी आली आणि ओळख फक्त पडद्यावरची असलेली माणसे ढसाढसा रडली. फुले, पत्रे पाठवावीत म्हणून पत्ता विचारला तर तो मिळेना. वर्तमानपत्रांत निधनाची नोंद नव्हती. ‘मेटाफिल्टर’ या मंचावरील सदस्यांनी धागेदोरे जुळवले आणि काही दिवसांतच बिंग फुटले. केसी कधी अस्तित्वातच नव्हती. ‘आई’ म्हणवणारी स्त्रीच तिच्या नावाने लिहीत होती आणि छायाचित्रे मात्र भलत्याच एका मुलीची, तिच्या नकळत वापरली होती. ज्यांनी शोक केला त्यांचे दुःख मात्र खरे होते. त्या दुःखाला आता ना नाव उरले, ना माणूस. या फसवणुकीतील ही हानी पैशात मोजता येत नाही, म्हणून ती सहसा दुर्लक्षित राहते.

पैसा हा येथे मुख्य हेतू असतोच असे नाही. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेनुसार, उघड बाह्य लाभ नसतानाही माणूस फसवून आजारी भासत असेल तर तो कृत्रिम विकार ठरतो. रजा, भरपाई किंवा पैसे उकळण्यासाठी केलेले ढोंग त्यात मोडत नाही. आंतरजालावरील प्रकाराला स्वतंत्र निदान म्हणून त्या पुस्तिकेत स्थान नाही. व्यवहारात ही रेघ पुसट होते, कारण लक्ष वेधून घेता घेता देणग्याही येऊ लागतात. ऑस्ट्रेलियातील बेल गिब्सन हिने मेंदूचा कर्करोग आहार आणि जीवनशैलीच्या बळावर आटोक्यात ठेवल्याचा दावा करून ॲप आणि पुस्तक खपवले. २०१५ मध्ये तिने आजार खोटा असल्याचे कबूल केले. २०१७ मध्ये न्यायालयाने तिला ४,१०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. तिच्या शब्दावर विसंबून एखाद्या खऱ्या रुग्णाने उपचार टाळले असते तर त्याची भरपाई कोणत्याही दंडातून झाली नसती.

सोंग आजाराचेच असते असेही नाही. २०११ मध्ये दमास्कसमधील समलिंगी तरुणी म्हणून लिहिणाऱ्या ‘अमीना’चे सशस्त्र माणसांनी अपहरण केल्याची बातमी पसरली आणि तिच्या सुटकेसाठी मोहीम उभी राहिली. लेखक एडिनबरात शिकणारा अमेरिकन पुरुष होता. तेव्हा सीरियात जीव मुठीत धरून जगणारे खरे समलिंगी कार्यकर्ते संतापले, आणि त्यांचा संताप रास्तच होता. त्यांच्या यातनांवर विश्वास ठेवणे आता इतरांना अधिक अवघड झाले होते.

फेल्डमन यांनी नोंदवलेल्या खुणांमध्ये वैद्यकीय पुस्तकांशी मिळताजुळता मजकूर, मरणाच्या दारातून वारंवार चमत्कारिकरीत्या परत येणे आणि गटाचे लक्ष दुसऱ्या कुणाकडे वळताच नवे संकट कोसळणे यांचा समावेश आहे. भयंकर प्रसंग विलक्षण शांतपणे सांगितले जातात. ‘नातेवाईक’ म्हणून लिहिणाऱ्यांची भाषा, अगदी चुकासुद्धा, मूळ व्यक्तीसारख्याच असतात. पण यांतली एकही खूण पुरावा नव्हे. दुर्मिळ आजाराचे खरे रुग्णही पुस्तके वाचून बोलतात, खऱ्या घरांवरही एकामागून एक आघात होतात. दर दुःखिताकडे कागदपत्रे मागणारा गट आधारगट राहत नाही, आणि संशयाचा भार शेवटी सर्वांत थकलेल्या माणसावर पडतो. म्हणून सहानुभूती विनाअट द्यावी, पैसे मात्र पडताळणीनंतरच, ही पद्धत अधिक न्याय्य वाटते.

संशय बळावल्यास गटातील मोजक्या जुन्या सदस्यांनी संबंधित व्यक्तीला खाजगीत, सौम्यपणे विचारावे, असे फेल्डमन सुचवतात. चव्हाट्यावर केलेल्या उलटतपासणीत निरपराध माणूसही भरडला जातो. बहुतेकदा उत्तर म्हणून तीव्र इन्कार येतो, कधी आत्महत्येची धमकीही येते आणि ती खोटीच असेल असे गृहीत धरता येत नाही. पुष्कळदा ती व्यक्ती खाते बंद करून निघून जाते आणि दुसऱ्या गटात नव्या नावाने, नव्या आजारासह प्रकटते. या वर्तनावर खात्रीचे औषध नाही. मानसोपचार हाच मार्ग आहे, परंतु मदत मागण्यासाठी आधी खोटे मान्य करावे लागते, आणि तिथेच बहुतेक जण मागे फिरतात.