शिडाच्या बोटीच्या डिझेल इंजिनाचा वाढलेला आवाज : निदान

वारा पडल्यावर किंवा बंदरात शिरता-निघताना वापरण्यासाठी शिडाच्या लहान बोटीत १ ते ४ सिलिंडरचे डिझेल इंजिन बसवलेले असते. ते नेहमीपेक्षा मोठा किंवा निराळा आवाज करू लागले, तर त्याचे मूळ इंजिनात आहे, गिअरबॉक्समध्ये किंवा पंखा फिरवणाऱ्या शाफ्टमध्ये आहे, धूर बाहेर टाकणाऱ्या एक्झॉस्टमध्ये आहे की नुसत्या आवरणात, हे शोधण्याची ही रीत. इंजिन बहुधा केबिनमध्ये उतरायच्या पायऱ्यांखाली, एका लाकडी खोक्यात असते आणि झोपायची फळी तिथून हातभर अंतरावर. बोटीचे फायबरग्लासचे कवच पातळ आणि ताठ असते. इंजिनाची थरथर पायाच्या तुळयांतून त्यात उतरली की सगळी बोट ढोलासारखी वाजते. म्हणून ‘इंजिन फार आवाज करतंय’ ही तक्रार खरी असली, तरी पुष्कळदा इंजिन पूर्वीइतकाच आवाज करत असते आणि तो बाहेर पडायला नवी वाट सापडलेली असते. निदानाचा निम्मा भाग ही वाट शोधण्याचा आहे.

उदाहरणासाठी यानमारचे ३जीएम३० घेऊ. ३ सिलिंडर, ९५४ घनसेंमी, जास्तीत जास्त २७ अश्वशक्ती. १९८० नंतरच्या दोन दशकांत जगभरच्या शिडाच्या बोटींत ते अतोनात बसले आणि आजही चालते. चार टप्प्यांच्या (फोर-स्ट्रोक) इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. म्हणजे मिनिटाला २४०० फेऱ्यांवर सेकंदाला ६० स्फोट. हीच ती सतत ऐकू येणारी घरघर. २.६ पट गती कमी करणारा गिअरबॉक्स असेल तर त्याच वेळी शाफ्ट सेकंदाला सुमारे १५ फेऱ्या मारतो आणि तीन पात्यांचा पंखा पाण्याला सुमारे ४६ धक्के देतो. हे आकडे पाठ असायची गरज नाही, पण त्यांतला फरक कानाला कळतो. आयडलिंगला, म्हणजे इंजिन सर्वांत कमी गतीवर नुसते चालू असताना, ८५० फेऱ्यांच्या आसपास, एका व्हॉल्व्हची (झडपेची) टिकटिक सेकंदाला सातच वेळा होते आणि घड्याळ लावून मोजता येते. क्रँकशी, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याशी, बांधलेला ठोका त्याच्या दुप्पट वेगाने पडतो. टॅपेट (व्हॉल्व्ह हलवणारा भाग) की बेअरिंग (फिरत्या दांड्याचा आधार), हा वाद पुष्कळदा एवढ्यावरच मिटतो.

पाना हातात घेण्याआधी चार अवस्थांत ऐकायचे असते : धक्क्याला बांधून न्यूट्रलमध्ये आयडलिंगला, न्यूट्रलमध्येच फेऱ्या वाढवून, दोर घट्ट बांधून गिअर टाकून, आणि इंजिन बंद करून नुसत्या शिडावर. पहिल्या दोन्हीत आवाज असेल तर तो इंजिनाचा किंवा त्याला लटकलेल्या डायनामो, पट्टा, पंप यांचा. गिअर टाकल्यावरच आला तर माउंटिंग (इंजिनाचे रबरी पाय), कपलिंग (गिअरबॉक्स आणि शाफ्ट जोडणारा सांधा), शाफ्ट, पंखा. शिडावर सहा नॉटने जाताना पाण्याच्या जोराने शाफ्ट आपोआप फिरतो. तेव्हाही तीच गुरगुर राहिली आणि शाफ्ट थांबताच गेली, तर इंजिनाला दोष देण्यात अर्थ नाही. आवाज एकाएकी आला की हळूहळू वाढला हेही विचारावे, पण उत्तरावर फार विसंबू नये. मालकाचा कान रोजच्या आवाजाला सरावतो; सहा महिन्यांनी बोटीवर आलेल्या पाहुण्याला जे पहिल्या मिनिटात खटकते, ते त्याला जाणवतच नाही.

सगळ्यांत आधी एक्झॉस्टकडे जावे, कारण तिथला आवाज धोक्याची सूचना असू शकतो. या बोटींत एक्झॉस्ट ओला असतो. समुद्राचे पाणी इंजिनाची उष्णता घेऊन शेवटी एका वाकड्या नळीत, एल्बोमध्ये, धुरात मिसळते. पुढे रबरी नळी आणि पाणी साठणारा सायलेन्सर येतो, आणि मागच्या बाजूने धूर-पाणी मिळून ‘फस्‌… फस्‌’ करत बाहेर पडते. पाणी धूर थंड करते, तसाच आवाजही गिळते. ते कमी झाले की ओला फसफसाट जाऊन कोरडा, पोकळ, भांड्यात बोलल्यासारखा आवाज येतो. गोड्या पाण्याचे वेगळे चक्र असलेल्या इंजिनात तापमानाची घंटा त्यानंतर काही वेळाने वाजते आणि तोवर रबरी नळी भाजू लागलेली असते. म्हणून मागे वाकून पाणी पाहायची सवय हवी. पाणी अडण्याची कारणे साधी असतात : आत घेणाऱ्या भोकावर चिकटलेली प्लास्टिकची पिशवी, गाळणीत भरलेले शेवाळ, पंपाचा सैल पट्टा, किंवा पंपातला पाणी ढकलणारा, पाती तुटलेला रबरी इम्पेलर. इम्पेलर बदलताना तुटलेले सगळे तुकडे मोजून शोधायचे. न सापडलेला तुकडा हीट एक्स्चेंजरच्या (गोडे पाणी समुद्राच्या पाण्याने थंड करणाऱ्या भागाच्या) तोंडाशी जाऊन बसतो आणि नवा इम्पेलर घालूनही पाणी कमीच येते.

एल्बो दोन तऱ्हांनी त्रास देतो. आत काजळी आणि मीठ साचून भोक बोटाएवढे उरले की इंजिन कोंडते, फेऱ्या गाठत नाही आणि काळा धूर टाकते. उलट, गंजून भोक पडले की ‘फुस्स’ असा तुटक आवाज, शेजारी काजळीचा डाग आणि केबिनमध्ये धुराचा वास येतो. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. अशा इंजिनाबरोबर कोणी खाली झोपू नये.

कोकणातल्या तांडेलाला, म्हणजे मच्छीमार बोटीच्या कप्तानाला, यातले पुष्कळ सांगायची गरज नाही. तिथे बोटी सिलिंडरच्या संख्येवरूनच ओळखतात आणि इंजिनाचा ताल बिघडला की जाळे ओढणाराही मान वर करतो. मात्र अनेक लहान मच्छीमार बोटींचा एक्झॉस्ट कोरडा, उभ्या नळीने वर सोडलेला असतो. पाण्याच्या आवाजावरून ओळखायची ही खूण तिथे लागू पडत नाही.

आता थरथर. इंजिन चार रबरी माउंटिंगवर उभे असते. डिझेल-ऑईल सांडून रबर फुगते, लोखंडापासून सुटते, किंवा बोल्ट मोडतो आणि इंजिन सरळ तुळईवर टेकते. त्या दिवसापासून कप, चमचे, दाराच्या कड्या सगळे वाजू लागते. आयडलिंगला टॉर्च लावून चारही पायांकडे पाहावे : तीन हलतात आणि एक स्थिर आहे, किंवा एकच उड्या मारतो आहे, तर तोच दोषी. एक माउंटिंग बसले की इंजिन कलते आणि शाफ्टची रेषा बिघडते. ती तपासायला कपलिंगचे बोल्ट काढून दोन फ्लँजमधली (जोडचकत्यांमधली) फट चारही बाजूंनी फिलर गेजने (पातळ मोजपट्ट्यांनी) मोजतात. १०० मिमी व्यासाच्या फ्लँजला ०.१ मिमीपेक्षा जास्त फरक चालत नाही. हे काम बोट पाण्यात असताना, डोलकाठी उभी आणि तिच्या तारा ताणलेल्या असताना करायचे. जमिनीवर ठोकळ्यांवर ठेवलेल्या कवचाचा आकार किंचित बदललेला असतो, त्यामुळे यार्डात बिनचूक लावलेली रेषा पाण्यात चुकते.

शाफ्ट कवचाबाहेर पडतो तिथे खाचा असलेले रबरी बेअरिंग असते, पाण्यानेच वंगण होणारे. ते झिजले की ठरावीक फेऱ्यांवर जड गुरगुर येते आणि फेऱ्या थोड्या वर-खाली केल्या की नाहीशी होते. पंख्याला गुंडाळलेली जाळ्याची दोरी, एका पात्यावर जास्त चढलेले शिंपले, वाकलेले टोक यांचाही परिणाम असाच दिसतो. सगळे उकलण्याआधी पाण्यात उतरून पंखा बघणे स्वस्त पडते.

न्यूट्रलमध्ये आयडलिंगला गिअरबॉक्सकडून खडखडाट येत असेल आणि फेऱ्या शे-दोनशे वाढवताच थांबत असेल, तर इंजिन आणि गिअरबॉक्समधली धक्के झेलणारी स्प्रिंगची डॅम्पर प्लेट सैल झालेली असते. पण कित्येकदा आयडलिंगच कमी लावलेले असते. गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वी तो एक स्क्रू फिरवून पाहावा.

उरला तो खरा ‘ठोका’. डिझेल इंजिन थंड असताना ठोकतेच. गरम झाल्यावरही ठोकत राहिले तर प्रश्न आहे. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक नोझलजवळ (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीजवळ), व्हॉल्व्हच्या झाकणावर, पंपाच्या अंगावर टेकवून मूठ कानामागच्या हाडाला लावली की कुठला सिलिंडर बोलतोय ते कळते. मग आयडलिंगला एकेका नोझलच्या नळीचा नट फडके धरून जरासा ढिला करतात. त्या सिलिंडरचे डिझेल तुटताच ठोका गेला तर दोष बहुधा जळण्याचा : नोझल टपकतो आहे, डिझेल पंपाचे टायमिंग पुढे आहे, म्हणजे डिझेल वेळेआधी फवारले जाते. न गेला तर यांत्रिक. हे करताना चष्मा हवा आणि फवाऱ्यापुढे बोट कधीच नको. या इंजिनाचा नोझल चौरस सेंमीला १७० किलोच्या आसपास उघडतो आणि तेवढ्या दाबाचे डिझेल कातडीत घुसते. टॅपेटची फट थंड इंजिनात ०.२ मिमी; तेवढी लावल्यावरही टिकटिक राहिली तर व्हॉल्व्ह दाबणारा रॉकर पाहावा. जोर पडल्यावर खालून येणारा जाड धपधप आवाज आणि त्याबरोबर उतरलेला ऑईलचा दाब दिसला, तर इंजिन ताबडतोब बंद करून शीड उभारावे. बिग-एंड बेअरिंग (पिस्टनचा दांडा क्रँकला जोडतो तिथले) गेलेले असू शकते.

आवरणाचा विचार शेवटी करायचा, पण लोक सुरुवात तिथूनच करतात आणि महागडा फोम आणून चिकटवतात. आवाज फटीतून निसटतो : खोक्याच्या एकूण पृष्ठभागाच्या १ टक्का जरी उघडा राहिला, तरी बाकीच्या भिंती कितीही जाड असोत, आवाज २० डेसिबलपेक्षा जास्त अडत नाही. पायऱ्यांची खिटी झिजली, वायरी ओढण्यासाठी कोणी नवे भोक पाडले, दाराची रबरी पट्टी चपटी झाली, एवढे पुरे होते. जुना फोम उष्णतेने आणि ऑईलच्या वाफेने भुरभुरीत होतो, हात लावला की पीठ सांडल्यासारखा गळतो. त्याचा चुरा हवेच्या फिल्टरवर बसला की इंजिन गुदमरून काळा धूर टाकते, आणि तपास पुन्हा एल्बोकडे वळतो.