स्पीकर-ॲम्प्लिफायर जुळवणी (ग्रामीण विदर्भ)

स्पीकरची गरज आणि ॲम्प्लिफायरची ऐपत यांचा मेळ घालणे म्हणजे जुळवणी, बोलण्यात ‘मॅचिंग’. विदर्भातल्या खेड्यांत हे काम दोन जागी चालते. एक बिछायत केंद्र, म्हणजे मंडपाचे सामान भाड्याने देणारे दुकान, जिथे पोंगे (भोंग्याचे स्पीकर) असतात आणि ॲम्प्लिफायरला नुसते ‘मशीन’ म्हणतात. दुसरी जागा म्हणजे एखाद्या शिक्षकाचे किंवा संत्र्याच्या बागायतदाराचे घर, जिथे हौसेने घेतलेली महागडी जोडी बैठकीत उभी असते. सामानात जमीन-अस्मानाचा फरक, पण मालकांच्या तक्रारी त्याच: आवाजात ‘जीव नाही’, ‘फाटून राह्यला’, ‘घुमून राह्यला’, ‘कानाले टोचते’. या प्रत्येक शब्दामागे मोजता येणारे कारण असते, आणि ते पेटीवर छापलेल्या वॅटच्या आकड्यात क्वचितच सापडते.

‘जीव नाही’ ही तक्रार बहुधा संवेदनक्षमतेची असते. १ वॅट दिल्यावर १ मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो, तो हा आकडा. बीबीसीने १९७० च्या दशकात ध्वनिक्षेपणाच्या गाड्यांसाठी घडवलेला एलएस ३/५ए हा चिमुकला स्पीकर जेमतेम ८२-८३ डेसिबल देतो. अमेरिकी अभियंता पॉल क्लिप्शचा १९४६ सालचा, खोलीच्या कोपऱ्यात ठेवायचा क्लिप्शहॉर्न १०० च्या वर जातो. सुमारे २० डेसिबलचा हा फरक म्हणजे शंभरपट वॅट. म्हणूनच ‘३००बी’ या जुन्या व्हॉल्व्हचा जेमतेम ८ वॅटचा ॲम्प्लिफायर क्लिप्शहॉर्नवर घर दणाणून सोडतो आणि एलएस ३/५ए वर धापा टाकतो. वॅट दुप्पट केले तरी वाढ ३ डेसिबलचीच. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. ५० वॅटचे मशीन देऊन १०० वॅटचे घेणाऱ्याची निराशा इथूनच सुरू होते.

दुसरा आकडा ओहमचा, म्हणजे स्पीकरच्या रोधाचा, आणि तो तितकासा भरवशाचा नाही. ‘८ ओहम’ लिहिलेला स्पीकर काही सुरांना ३-४ ओहमपर्यंत उतरतो, आणि तिथे ॲम्प्लिफायरला दुप्पट किंवा त्याहून जास्त प्रवाह पुरवावा लागतो. १९८० च्या दशकातला अपोजी सिंटिला हा रिबन (धातूच्या पातळ पट्टीचा) स्पीकर १ ओहमपर्यंत खाली जाई. चांगले चांगले ॲम्प्लिफायर त्याच्यापुढे हात टेकत. क्वाड कंपनीचा १९५७ चा इलेक्ट्रोस्टॅटिक (विद्युतभारित पातळ पडद्याचा) स्पीकर वरच्या सुरांना असाच अवघड, शिवाय वाजवीपेक्षा जास्त व्होल्टेज मिळाले की आत ठिणगी पडण्याचा धोका. तरीही माणसाचा आवाज त्याच्याइतका सरळ फार थोड्या पेट्यांतून येतो, असे त्याचे मालक सांगतात, आणि ते खोटे नाही.

आवाज ‘फाटणे’ ही खेड्यातली सर्वांत मोठी तक्रार. ॲम्प्लिफायरची मर्यादा संपली की ध्वनिलहरींचे शेंडे छाटले जातात. त्यातून जादा वरचे सूर निर्माण होतात आणि ट्वीटरची (वरच्या सुरांच्या छोट्या स्पीकरची) बारीक कॉइल जळते. मोठे मशीन स्पीकर जाळते हे सगळ्यांना ठाऊक असते. लहान मशीन पिळून वाजवले तरी तेच होते, हे मात्र पटवून द्यावे लागते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या परंपरेतले खंजिरी भजन हा यासाठी उत्तम नमुना. खंजिरीची थाप सरासरी आवाजाच्या १०-१५ डेसिबल वर सहज उसळते. सरासरी ५ वॅटवर चालणाऱ्या भजनाला थापेच्या क्षणी ५० ते १५० वॅट हवे असतात, आणि ते नसले की थाप चपटी लागते.

यात विजेचा दाब हा आणखी एक खोडा. कृषिपंप सुरू झाले की २३० व्होल्ट १८० वर येणे हा अनेक गावांचा अनुभव. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या ॲम्प्लिफायरमध्ये आतले व्होल्टेज त्याच प्रमाणात घसरते आणि कमाल वॅट सुमारे ६० टक्क्यांवर येतात. शहरातल्या दुकानात ऐकलेली जोडी घरी आणल्यावर रात्री फाटते, त्यात दर वेळी दुकानदाराची लबाडी नसते. स्टॅबिलायझर किंवा कमी दाबावरही चालणाऱ्या एसएमपीएसचा (स्विचिंग पद्धतीच्या वीजपुरवठ्याचा) ॲम्प्लिफायर हा त्यावरचा साधा इलाज.

बिछायतवाल्याला तारेच्या लांबीचाही हिशेब ठेवावा लागतो. मंडपापासून चौकापर्यंत १०० मीटर ओढलेल्या १.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा जाऊन-येऊन रोध २.४ ओहमच्या आसपास भरतो. ८ ओहमच्या स्पीकरला १०० वॅट पोचवायचे तर ३.५ अँपिअर प्रवाह लागतो आणि ३० वॅट तारेतच जिरतात. तेच १०० वॅट १०० व्होल्टच्या लाइनवर पाठवले तर प्रवाह १ अँपिअर आणि तोटा अडीच वॅटही नाही. त्यासाठी प्रत्येक पोंग्याला व्होल्टेज पुन्हा उतरवणारा लाइन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि सगळ्या पोंग्यांच्या वॅटची बेरीज मशीनच्या वॅटपुढे जाऊ नये, एवढेच गणित. पूर्व विदर्भात, झाडीपट्टीच्या रात्रभर चालणाऱ्या नाटकांत, मागच्या रांगेला शब्द कळणे महत्त्वाचे. तिथे खर्जापेक्षा पोंग्याची स्पष्टता कामी येते. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धकांवर असलेले निर्बंध २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतले.

‘घुमणे’ मात्र बरेचदा ॲम्प्लिफायरच्या माथी उगाच मारले जाते. १० बाय १२ फुटांच्या स्लॅबच्या खोलीत ४७ आणि ५६ हर्ट्झच्या जवळपासचे खर्ज सूर भिंतींमध्ये अडकून फुगतात. ॲम्प्लिफायर कोणताही लावा, ते तिथेच राहतात. मातीच्या भिंती आणि कवेलूचे छप्पर असलेल्या जुन्या घरात तीच जोडी मोकळी वाजते, कारण तिथे आवाजाला गळून जायला वाव असतो. कापसाच्या पट्ट्यात याचा एक मजेदार प्रकार आहे. भाव वाढेल या आशेने कापूस खोलीत रचून ठेवला की स्पीकर अचानक गोड वाटू लागतो. इतका जाड शोषक कुठल्याही दुकानात मिळणार नाही. कापूस बाजारात गेला की टिनाचे आणि सिमेंटचे पडसाद परत येतात, आवाज ‘कानाले टोचते’, आणि मालक नवीन ॲम्प्लिफायर शोधू लागतो.

दोन ॲम्प्लिफायरची तुलना करताना आवाजाची पातळी मल्टिमीटरने सारखी करून घेतली नाही, तर १ डेसिबलने मोठा वाजणारा नेहमीच ‘भारी’ ठरतो. महागड्या केबलचे गुणगानही या कसोटीवर फारसे टिकत नाही. चार-पाच मीटरसाठी घरगुती वायरिंगची २.५ चौरस मिलिमीटर तार पुरते.

जुनी विदेशी जोडी घेणाऱ्याने आणखी एक गोष्ट पाहावी. अनेक जुन्या वूफरच्या (खर्जाच्या स्पीकरच्या) कोनभोवती फोमची कड असते. वऱ्हाडचा ४५ अंशांचा उन्हाळा आणि त्यानंतरचा दमट पावसाळा अशा काही फेऱ्या झाल्या की ती भुसभुशीत होऊन गळते, आणि खर्ज फडफडू लागतो. मालक आधी ॲम्प्लिफायर बदलून पाहतो. कोन बसवणारा कारागीर जाळी काढतो आणि कडेवर हलकेच बोट टेकवतो. त्याच्या बोटाला काळी भुकटी लागते.