मॅना गम लावण्याआधी

(व्हिक्टोरियात एकरांनी जमीन घेतलेल्या आमच्या मराठी ग्राहकांसाठी)

गावाकडे बांधावरची नीलगिरी परदेशी म्हणून बोलणी खाते. इथे तिचं माहेर आहे. मॅना गम ही नीलगिरीचीच एक जात, आग्नेय ऑस्ट्रेलियाचं देशी झाड. ओढ्याकाठच्या खोल, ओलसर मातीत ते 30 ते 50 मीटर वाढतं. टास्मानियात याहून कितीतरी उंच झाडं आहेत.

शहरातल्या परसात लावायला हे रोप आम्ही देत नाही. मोठ्या फांद्या कधीकधी वारा नसतानाही मोडून पडतात. साल लांब पट्ट्यांनी सुटते, बेचक्यात लोंबत राहते आणि वणव्यात पेटून ठिणग्या दूरवर नेते. घर आणि शेडपासून निदान 40 मीटर सोडा.

पावसाने जमीन भिजली की एप्रिल-मेमध्ये लावा. पाणी साचत असेल किंवा दव गोठत असेल तिथे ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत थांबा. रोप वीतभरच घ्या. मोठ्या कुंडीत मुळं गोल फिरतात, पुढेही तशीच जाडावतात, आणि झाड मोठं झाल्यावर वादळात आडवं होतं. काठीला बांधू नका, वाऱ्याने हललं तरच बुंधा भरतो. भोवतीचं मीटरभर गवत मात्र पहिली दोन वर्षं काढत राहा. रोपं मरतात ती बहुतेक गवतामुळे. ससे आणि वॉलबी (छोटे कांगारू) यांच्यापासून वाचवायला जाळी हवीच.

लाकूड फिकट, मातीत लवकर कुजतं. कुंपणाच्या खांबांसाठी शुगर गम ही नीलगिरीची दुसरी जात लावा. मेलबर्न परिसरातले मूळ रहिवासी, वुरुंजेरी लोक, मॅना गमच्या लाकडाच्या ढाली करत. किड्यांनी साल टोचली की गोड रस पाझरतो, वाळून त्याचे पांढरे कण खाली पडतात. ते कणही वुरुंजेरी वेचून खात. झाडाझाडांतून तरंगत जाणाऱ्या छोट्या शुगर ग्लायडरलाही हा रस आवडतो.

कोआलांचा हा लाडका पाला, पण नुसती हीच झाडं लावू नका. व्हिक्टोरियाच्या किनाऱ्यावर केप ऑटवेला कोआला इतके वाढले की त्यांनी मॅना गम ओरबाडून वाळवले आणि मग स्वतःच उपासमारीने मेले. ओलसर जागेत सोबत स्वॅम्प गम ही नीलगिरीची आणखी एक जात लावा.

जमिनीवर आधीच जुना मॅना गम असेल तर कौन्सिलला विचारल्याशिवाय कुऱ्हाड लावू नका. घुबडं आणि पॉसम राहतात तशी ढोली तयार व्हायला शंभरेक वर्षं जातात. रोपं न्यायला येताना जमिनीचे दोन-चार फोटो आणा; पाणी कुठे साचतं तेवढं नक्की दाखवा.